मिनिटांचा धनी कोण?

विपुलता असते तेथे न्यायी होण्यास फारसे काही लागत नाही. पंक्तीत पोळ्या भरपूर असल्या म्हणजे वाढप्याच्या निःपक्षपातीपणाची कोणी चौकशी करीत नाही. पोळ्या शंभर आणि पाने दीडशे अशी वेळ आली म्हणजे मात्र त्याचा हात कोणत्या पानाकडे आधी वळतो हे सारेच डोळे लावून पाहू लागतात. जमीन, पाणी आणि धान्य यांच्या वाटणीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या एका दुर्मिळ वस्तूची वाटणी आपल्या डोळ्यांदेखत रोज सकाळी होते, आणि जी वाटणी चुकली असता माणसे जिवास मुकतात, तिच्याविषयी आम्हा सुशिक्षितांत जवळजवळ मौन आहे. ती वस्तू म्हणजे कल्याण-ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील सकाळची मिनिटे.

मी कोपरीत, म्हणजे ठाणे स्थानकाच्या पूर्वेस राहतो. आमच्या वस्तीत ‘सात बावन्न’ आणि ‘आठ सोळा’ असे शब्द कानांवर पडले तर ती घड्याळातील वेळ आहे असे कोणी समजत नाही. ती गाडीची नावे आहेत. घरातील स्नान, डबा, देवपूजा आणि मुलांची शाळा ही सारी या नावांच्या आधाराने लावलेली असतात. एखादे नाव वेळापत्रकातून नाहीसे झाले तर शेकडो घरांतील सकाळ विस्कटते. असे असता ते नाव कोणी पुसले, कोणत्या नियमाने पुसले आणि त्याच्या जागी दुसरे कोणते लिहिले, हे विचारण्याचा अधिकार आपणांस आहे, ही जाणीव आमच्यात नसावी याचे मला नवल वाटते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली, तेव्हा चौदा डब्यांत सुमारे चारशे पाहुणे होते. त्या दिवशी वाटणीचा प्रश्न नव्हता. रूळ रिकामा होता आणि गाडी एकच होती. आज बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये गर्दीच्या वेळी हजारो माणसे असतात, आणि तरीही फलाटावर तितकीच उरतात. रूळ ही वस्तू डोळ्यांना दिसते म्हणून आपण रुळांची संख्या मोजतो. परंतु प्रत्यक्षात वाटली जाते ती रुळावरील वेळ. एका गाडीमागून दुसरी सुखरूप सोडावयाची तर मध्ये काही मिनिटांचे अंतर ठेवावेच लागते. हिशेबाच्या सोयीसाठी हे अंतर चार मिनिटे धरू. सकाळी आठ ते दहा या दोन तासांत एका मार्गावर तीस गाड्या जातील, एकतिसावी जाणार नाही. म्हणजे पंक्तीत पाने तीसच आहेत. ज्याला नवे पान मांडावयाचे असेल त्याने आधी मांडलेले एक उचलले पाहिजे. या एका साध्या गणिताकडे पाठ फिरवूनच आपल्याकडील बहुतेक चर्चा चालते.

आता झाले काय ते पाहा. ठाणे आणि दिवा यांच्यामधील पाचवी आणि सहावी मार्गिका अनेक वर्षे रखडल्यानंतर १८ फेब्रुवारी २०२२ रोजी खुली झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या निराळ्या रुळांवर गेल्या म्हणजे लोकलला वाव मिळेल, या आशेवर कळवा, मुंब्रा, दिवा आणि डोंबिवली येथील लोकांनी इतकी वर्षे काढली होती. त्या प्रसंगी छत्तीस नव्या फेऱ्या जाहीर झाल्या. परंतु त्यांतील बहुतेक वातानुकूलित होत्या. पुढे मे महिन्यात वातानुकूलित गाडीचे एकेरी भाडे सुमारे निम्म्याने उतरले. तरीही ते दुसऱ्या वर्गाच्या भाड्याच्या कितीतरी पट राहिले. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य रेल्वेने आणखी दहा वातानुकूलित फेऱ्या सुरू केल्या, त्या नव्या मिनिटांत नव्हे, तर साध्या गाड्यांना दिलेली मिनिटे काढून घेऊन. कळव्यास आणि बदलापुरास लोक संतापले. बदलापूरच्या स्थानकात अधिकाऱ्यांना घेराव पडला. आणि त्याच महिन्यात त्या दहाही फेऱ्या मागे घेण्यात आल्या.

आमच्या वर्गातील प्रतिक्रिया त्या वेळी मी बारकाईने ऐकली. दिवाणखान्यातून आणि प्राध्यापकांच्या खोलीतून एकच सूर निघत होता: “या लोकांना सुधारणा नको आहे.” या सुरात सूर मिसळण्यास मलाही अडचण नव्हती, कारण मी स्वतः वातानुकूलित गाडीचा पासधारक आहे. पन्नाशी उलटल्यावर गुडघे कुरकुरू लागले, आणि चढताना कोपर वापरण्याची विद्या मला तरुणपणीही साधली नव्हती. तेव्हा हा लेख मी बाहेरून आत डोकावणाऱ्याच्या भूमिकेतून लिहीत नसून, काचेच्या आतून बाहेर पाहणाऱ्याच्या भूमिकेतून लिहीत आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

एके सकाळी मी असाच आत उभा असता फलाटावर माझी एक जुनी विद्यार्थिनी दिसली. ती आता परिचारिका आहे. आमची दृष्टादृष्ट झाली, तिने नमस्कार केला, आणि दार आपोआप मिटले. काही दिवसांनी ती रस्त्यात भेटली तेव्हा मी सहज म्हटले, “त्या दिवशी तुझी गाडी मागूनच होती ना?” ती हसून म्हणाली, “हो सर. तुमची गेली की आमची येते. पण दोन्ही गाड्यांची गर्दी घेऊन येते.” वर्गात ती फारशी बोलत नसे. परंतु वाटणीच्या शास्त्रातील जे प्रमेय मला चार पुस्तके वाचून कळले नव्हते, ते तिने एका वाक्यात सांगितले.

हे प्रमेय आकड्यांत मांडून पाहू. समजा, साधी गाडी चार हजार माणसे नेते, आणि तिच्याच मिनिटांत सोडलेली महागडी गाडी दोन हजार नेते. उरलेली दोन हजार माणसे हवेत विरत नाहीत. ती आधीच्या आणि नंतरच्या गाडीत शिरतात, दर गाडीमागे हजार. आणि त्या गाड्या आधीच भरलेल्या असतात, म्हणून ती दारात लोंबकळतात. वातानुकूलित गाडीच्या कागदोपत्री क्षमतेचा आकडा कितीही मोठा असो, भाड्याची भिंत आहे तोवर ती क्षमता कागदावरच राहणार. माझ्या तिकिटात माझ्या गारव्याचे मोल धरलेले आहे. या दोन हजार माणसांच्या लोंबकळण्याचे मोल त्यात धरलेले नाही. ते मी देत नाही, आणि त्यांना ते कोणी चुकवीतही नाही.

येथे आमचे अर्थशास्त्राचे पदवीधर मित्र म्हणतील की, दुर्मिळ वस्तू अधिक मोल देणाऱ्यास विकावी; म्हणजे जिला तिची खरी किंमत कळते त्याच्याच हाती ती जाते. हा सिद्धांत बाजारातील आंब्यास लागू पडेल. परंतु अधिक मोल देण्याची तयारी ही पुष्कळदा गरजेची खूण नसून खिशाची खूण असते. मी दहा मिनिटे उशिरा पोहोचलो तर फार तर एका वर्गातील मुले आनंदित होतील. ती परिचारिका दहा मिनिटे उशिरा पोहोचली तर रात्रभर जागलेली दुसरी परिचारिका अडकून पडेल. मग या मिनिटांची खरी किंमत कोणास कळते? शिवाय या मित्रांच्याच मापाने मोजावयाचे ठरविले तरी त्यांचा पक्ष टिकत नाही. शेताची कार्यक्षमता पिकावरून ठरते; रुळावरील मिनिटाचे पीक म्हणजे त्या मिनिटात सुखरूप पोहोचलेली माणसे. ज्या वाटणीने हे पीक घटते ती अन्यायाची आहेच, पण उधळपट्टीचीही आहे. न्याय आणि काटकसर यांचा तंटा पुष्कळ ठिकाणी असतो. येथे तो नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याची टवाळी करण्याचा मला अधिकार नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान, वळणावर, परस्परविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लोंबकळणारी माणसे एकमेकांवर घासली आणि खाली पडली. निदान चार प्रवासी मृत्युमुखी पडले, कित्येक जखमी झाले. त्यानंतर असे विचारले जाते की, मिटणारी दारे हाच उपाय असता तुम्ही मिटणाऱ्या दारांच्या गाडीस विरोध का करता? याचे उत्तर असे की, माझा विरोध दारास नाही, गारव्यासही नाही. विरोध आहे तो त्या दारावर लावलेल्या भाड्याच्या कुलपास. एका गाडीची दारे मिटून आतील माणसे वाचतील. परंतु भाड्यामुळे जी माणसे तिच्यात शिरलीच नाहीत, ती मागच्या गाडीच्या उघड्या दारात उभी राहतील. सुरक्षितता हा विकत घेण्याचा जिन्नस झाला म्हणजे ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्या वाट्याचा धोका वाढतो. मिटणारी दारे द्यावयाची असतील तर ती अवश्य द्यावी, सर्वांस द्यावी, आणि साध्या भाड्यात द्यावी.

तिसरा आक्षेप तोट्याचा. लोकल तोट्यात चालते, तेव्हा काही गाड्यांतून चार पैसे अधिक मिळाले तर बिघडले कुठे, असे म्हटले जाते. परंतु या स्वस्त भाड्याचा लाभ एकट्या प्रवाशाला होतो, हा समज भाबडेपणाचा आहे. अंबरनाथहून येणारा कारकून स्वस्तात येतो म्हणूनच मुंबईतील पेढीस तो त्या पगारात मिळतो. तोटा भरून काढावयाचाच असेल तर या लाभाचे इतर वाटेकरीही शोधले पाहिजेत. फलाटावर उभ्या असलेल्या माणसाची मिनिटे विकून तो भरणे हे घरातील धाकट्याच्या ताटातील भाकरी विकून घरभाडे देण्यासारखे आहे.

मग वाटणीचा नियम कोणता असावा? त्यासाठी परदेशी ग्रंथ उघडण्याचे कारण नाही. माझे आजोळ धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी. नाशिक आणि धुळे या जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवर बंधारे घालून पाटाचे पाणी वापरण्याची जी जुनी फड-पद्धत आहे, तिची आठवण मला या प्रसंगी वारंवार होते. तेथे पाटाखालील रान मोठमोठ्या फडांत विभागलेले असते, पाण्याची पाळी गावकऱ्यांनी नेमलेला पाटकरी सांभाळतो, आणि शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसून निरनिराळ्या फडांत थोडथोडी असते. या रचनेतील शहाणपण दुष्काळात कळते. पाणी अपुरे पडले म्हणजे एखादा फड कोरडा ठेवावा लागतो. पण त्या फडात थोराचीही पट्टी असते आणि लहानाचीही असते, म्हणून तोटा सर्वांस सोसावा लागतो आणि कोणा एकाचे घर बसत नाही. ज्यांनी हा नियम घालून दिला त्यांनी न्यायावर व्याख्यान दिले नाही. त्यांनी बलवानाचे हित दुर्बळाच्या हिताशी एका बांधाने बांधून टाकले.

आपल्या लोकलमध्येही हाच नियम नकळत पाळला जात होता. पहिल्या वर्गाचा डबा साध्या गाडीलाच जोडलेला असतो. त्यात बसणारा वकील आणि दुसऱ्या वर्गात उभा राहणारा शिपाई एकाच मिनिटात निघतात, एकत्रच खोळंबतात आणि एकत्रच पोहोचतात. गाडी रद्द झाली तर वकिलाचेही बूड हलते, आणि तो रेल्वेस खरमरीत पत्र लिहितो. त्या पत्राचा लाभ शिपायास होतो. महागड्या गाडीस स्वतंत्र मिनिट दिल्याने हा बांध फुटला. आता माझी गाडी वेळेवर असली म्हणजे मागच्या गाडीचे काय झाले हे मला कळतही नाही. म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे: वर्गभेद करावयाचाच असेल तर तो डब्यांत असावा, मिनिटांत नसावा.

कोणी म्हणेल, मग महिलांसाठी स्वतंत्र गाडी का? १९९२ साली पश्चिम रेल्वेवर महिला विशेष गाडी सुरू झाली, तेव्हा तिनेही एक मिनिट अडविलेच. होय; परंतु ते गरजेस दिले होते, खिशास नव्हे. त्या गाडीत चढण्यास स्त्रीला अधिक दाम मोजावा लागत नाही, आणि ती भरून जाते. गरजेच्या मापाने केलेली राखीव वाटणी आणि दामाच्या मापाने केलेली राखीव वाटणी यांना एकाच तागडीत घालणे हा बुद्धीचा गोंधळ आहे.

आता या सर्वांहून मोठ्या दोषाकडे वळतो. वातानुकूलित गाडी हे निमित्त आहे. मूळ रोग असा की, मिनिटांच्या वाटणीस जाहीर नियमच नाही. प्रवाशांच्या सल्लागार समित्या आहेत, पण त्या सल्ल्यापुरत्या. वेळापत्रक छापून आल्यावरच सामान्य माणसाला कळते की आपली गाडी गेली. जेथे नियम नसतो तेथे दोनच बळे उरतात, पैशाचे आणि दगडाचे. २ जानेवारी २०१५ रोजी गाड्या खोळंबल्याने दिव्यास लोकांचा संताप उसळला, नासधूस झाली. पुढे २०१६ च्या अखेरीस तेथे काही जलद गाड्या थांबू लागल्या. बदलापूरचा प्रसंग वर सांगितलाच आहे. दगडफेक निंद्य आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु वर्षानुवर्षांचे अर्ज जेथे बासनात पडून राहतात आणि एका सकाळच्या दंग्याने काम होते, तेथे दगड उचलण्याचे शिक्षण कोण देतो, हाही प्रश्न विचारला पाहिजे. आणि जे स्थानक गरीब स्वभावाचे आहे, ज्याच्यापाशी ना खिसा ना दगड, त्याने कोणाकडे पाहावे?

टीका करून मोकळे होणे सोपे असते. म्हणून मी चार गोष्टी सुचवितो. पहिली, गर्दीच्या वेळेतील साध्या गाडीचे मिनिट अधिक भाड्याच्या गाडीस देऊ नये, असा लेखी नियम असावा. नवे मिनिट निर्माण झाले तर त्यावरही पहिला हक्क साध्या भाड्याचा असावा. दुसरी, मिनिट वाढत नसेल तर मिनिटाचे पीक वाढवावे. मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांची लोकल २०१२ साली आली. बाराऐवजी पंधरा डबे म्हणजे त्याच मिनिटात सव्वापट जागा. ती गाडी अजून अपवाद का असावी? तिसरी, वेळापत्रक बदलण्यापूर्वी प्रत्येक गाडीत गर्दीच्या वेळी किती माणसे असतात याचे आकडे मराठीत स्थानकावर लावावे, आणि हरकती ऐकून घ्याव्या. लांब पल्ल्याच्या आणि मालाच्या गाड्यांचाही रुळांवर हक्क आहे, हे मला मान्य आहे. परंतु तो हक्क किती, हेही त्याच फलकावर दिसावे.

चौथी गोष्ट रेल्वेने करावयाची नसून आपण करावयाची आहे, म्हणून ती सर्वांत अवघड आहे. सगळी मुंबई एकाच तासात का सुरू व्हावी? मध्य रेल्वेने २०२३ साली मुंबईतील आपल्या विभागीय कार्यालयात कामाच्या वेळा दोन पाळ्यांत विभागल्या, आणि इतर संस्थांनीही तसे करावे अशी विनंती केली. ती विनंती किती पेढ्यांनी आणि किती महाविद्यालयांनी मनावर घेतली? ज्यांच्या हाती वेळ ठरविण्याचा अधिकार आहे, ते व्यवस्थापक, प्राचार्य आणि विभागप्रमुख आपल्याच वर्गातील आहेत. वर्गाची पहिली तासिका सव्वानऊस न ठेवता अकरास ठेवली तर विद्येचे काही नुकसान होणार नाही. रेल्वेकडे न्याय मागावयाचा आणि आपल्या हातातील घड्याळाचा काटा मात्र हलवावयाचा नाही, ही आमची जुनी सवय आहे.

१९१७ साली गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांच्या हालांविषयी लिहिले, ते स्वतः त्या वर्गातून प्रवास करून लिहिले. तिसरा वर्ग १९७४ साली कागदावरून गेला. तो फलाटावरून गेला आहे की नाही, हे पाहण्यासाठी सकाळी साडेआठास ठाण्याच्या स्थानकावर येऊन पाच मिनिटे उभे राहणे पुरे आहे. मी माझा पास अजून टाकून दिलेला नाही. तो टाकल्याने मागची गाडी रिकामी होणार नाही, आणि वैयक्तिक त्यागाने सार्वजनिक नियमाची उणीव भरून निघते असे मी मानीत नाही. परंतु पुढील सत्रापासून माझ्या पहिल्या तासिकेची वेळ अकरा करावी, असा अर्ज मी माझ्या महाविद्यालयात दिला आहे. तो मंजूर झाला तर सकाळच्या पंक्तीतून निदान एक पान उठेल. बाकीची पाने कोणी, केव्हा आणि कोणत्या नियमाने मांडावयाची, हे त्या परिचारिकेला विचारल्याशिवाय यापुढे कोणी ठरवू नये.